बूट, मोजे आणि द्वारकाताई

द्वारकाताई मैदानावर आल्या की आधी बूट काढत. कडुनिंबाच्या खोडाला एक हात टेकायचा, एकेक बूट काढायचा, मोजा ओढून त्याच बुटात सारायचा, जोड भिंतीशी ठेवायचा आणि मग मोकळ्या पायांनी मातीवर नुसतं उभं राहायचं. डोळे मिटलेले, पायांची बोटं पसरलेली, हात रिकामे. समोर डंबेल्स घेऊन उभ्या असलेल्या मुली तेवढा वेळ गप्प असत. मग ताई डोळे उघडत आणि म्हणत, "हं, पोचले पाय. आता हात उचला."

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. एकोणीसशे तीसच्या जरा पुढचा काळ. मुलींना कवायत असावी असं शाळेच्या मंडळाच्या मनात आलं, पुण्याहून शिकून आलेल्या एक बाई मिळाल्या, आणि एका सोमवारी त्या शिक्षिकांच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. उंच, सावळ्या, पांढरं नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, केस मात्र राखलेले. पण हे सगळं आमच्या नंतर लक्षात आलं. आधी दिसले ते पाय. लुगड्याच्या काठाखाली पांढरे मोजे आणि कॅनव्हासचे बूट.

बूट घालणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या नव्हत्या असं नाही. मिशनमधल्या मडमा घालत, दवाखान्यातल्या नर्सा घालत. पण आपल्यातली बाई, त्यातून विधवा, आणि पायात बूट! खोलीत सगळ्यांचं बोलणं थांबलं. आमच्या चपला दाराबाहेर ओळीनं असत. ताईंनी बूट काढून त्याच ओळीत ठेवले. दुपारी पाहिलं तर कुणीतरी ते उचलून लांब कोपऱ्यात, झाडूच्या शेजारी ठेवले होते. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यात गेल्या आणि निमूटपणे ते पायात घातले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आपणहून झाडूच्या शेजारीच काढले. ओळीत पुन्हा कधी ठेवले नाहीत.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती माझ्या पाठीमुळे. धाकट्याच्या वेळेपासून माझी कंबर धरलेली असायची. एकदा फळ्यावर लिहून बाहेर आले आणि भिंतीला हात टेकून उभी राहिले, तर ताई जाता जाता थांबल्या. म्हणाल्या, "पाठीचं दुखणं नाही हे. तुम्ही उभ्याच चुकीच्या राहता. रविवारी सकाळी या माझ्याकडे." एवढं बोलून त्या निघून गेल्या. सासूबाईंना मी वैद्याचं सांगणं म्हणून सांगितलं, आणि रविवारी गेले.

त्यांची खोली साळ्यांच्या वस्तीत होती. पुढच्या घरात दिवसभर माग चालायचे, मागे फरसबंदी नसलेलं लहानसं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला ताईंची एक खोली. घरमालकीण नरसव्वा तेलुगू बोलणारी. मराठी तिला बाजारापुरतं येई. तिनं मला दारातूनच मागं नेलं आणि वाटेत सांगितलं, "ही ताई चांगली हाय. पर बोलत न्हाय कुणासंगं. लाकडासंगं बोलती, लोखंडासंगं बोलती."

अंगणात लाकडी मुद्गलांची जोडी होती, लोखंडी डंबेल्स होते, आणि ताई बैठका काढत होत्या. मी तोवर बाईमाणसाला बैठका काढताना पाहिलं नव्हतं. मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. त्या खाली जात आणि वर येत, तेव्हा चेहऱ्यावर काही नसे. फक्त पाय दिसत. मातीत रुतलेली दहाही बोटं, जणू एकेक बोट आपापली जागा धरून बसलं आहे.

थंडीचे दिवस होते. मी चपला काढल्या, पण यजमानांचे लोकरी मोजे घालून आले होते ते तसेच ठेवले. ताईंनी मान हलवली. मोजे नकोत म्हणाल्या. मी म्हटलं, गारठा आहे, आणि चपला तर काढल्याच की. त्यावर त्या पहिल्यांदा थोड्या सविस्तर बोलल्या. पळायचं असेल, लेझीम खेळायची असेल, तर बूट घालावेत, कारण सोलापूरच्या मातीत काटे फार आणि चैत्रात ती तव्यासारखी तापते. वजन उचलायचं असेल तर पाय उघडे असावेत, म्हणजे भार कुठे चाललाय, टाचेवर की बोटांवर, ते पायाला कळतं. पायाला जखम असेल, काही अडचण असेल, तर सपाट तळाचे बूट चालतील. नुसते मोजे मात्र कधी नाहीत.

"मोजा म्हणजे दुधावरची साय," त्या म्हणाल्या. "वरून छान दिसते. तिच्यावर उभं राहता येत नाही."

मी मोजे काढले. गार माती तळव्याला लागली तशी मी शहारले, आणि ताई हसल्या. त्यांचे दात फार सुंदर होते. शाळेत ते कुणी पाहिले असतील असं मला वाटत नाही.

पुढे बरेच रविवार मी जात राहिले. कंबर मोकळी झाली, आणि त्यानंतरही जात राहिले. एकदा मी विचारलं की उघड्या पायांचं एवढं महत्त्व, तर तुम्ही दिवसभर बूट कशाला घालता? लोकांची बोलणी तरी चुकतील. ताईंनी डंबेल्स खाली ठेवले आणि पदरानं मान पुसली. त्या बार्शीच्या. लग्न लहानपणी झालं, आणि नवरा कसा दिसतो हे नीट आठवणीत राहण्याआधी गेला. माहेरी परत आल्यावर घरातल्या मोठ्या माणसांनी त्यांच्या चपला काढून घेतल्या. विधवेनं पायात काही घालू नये, असा त्या घरचा नियम. उन्हाळ्यात आडावरून पाणी आणायचं ते अनवाणी, देवळात जायचं ते अनवाणी. सावली बघून पाऊल टाकायचं. एका मामांनी भांडून पुण्याला शिकायला नेलं. तिथं पहिल्यांदा हातात आपली कमाई आली तेव्हा त्यांनी बूट घेतले.

"अनवाणी राहायला लावणं वेगळं," त्या म्हणाल्या, "आणि अनवाणी उभं राहणं वेगळं. बूट माझे आहेत, म्हणून मला ते काढता येतात."

मग पुन्हा डंबेल्स उचलले. तो विषय त्यांनी परत काढला नाही, मीही नाही.

त्यांना भेटायला कुणी येत नसे. मामा वारले होते, बार्शीशी संबंध नव्हता. संक्रांतीनंतर घरोघर हळदीकुंकू चालायचं, शाळेतल्या आम्ही सगळ्या एकमेकींकडे जायचो, आणि त्या दिवसांत ताई संध्याकाळी मैदानावर एकट्याच जोडी फिरवत थांबायच्या. मी एकदा वाण घेऊन घरी परतताना फाटकातून पाहिलं. सगळी शाळा बंद, शिपाईसुद्धा गेलेला, आणि या एकट्या. जोडी डोक्यामागून गोल फिरत होती आणि तिचा वाऱ्यासारखा आवाज येत होता. मी हाक मारली नाही. हातात वाण होतं, आणि ते त्यांना द्यायची रीत नव्हती.

शाळेत मात्र मुली त्यांच्यावर जीव टाकत. आमच्या मुलींमध्ये वकील-डॉक्टरांच्या होत्या, व्यापाऱ्यांच्या होत्या, आणि साळ्यांच्याही थोड्या होत्या. काहींच्या पायात चांगले बूट, काहींच्या पायात काहीच नाही. ताईंनी मंडळाकडे सगळ्या मुलींसाठी कॅनव्हासचे बूट मागितले होते. मंडळानं नाही म्हटलं. तेव्हापासून त्यांनी नियम केला की वजनाच्या तासाला सगळ्यांनी अनवाणी उभं राहायचं. आपणही बूट काढायचे. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी काढले की ज्यांच्याकडे नाहीत त्या वेगळ्या दिसत नाहीत, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

वत्सला नावाची मुलगी त्याच वर्षी वरच्या वर्गात आली. तिचे वडील गावातले नावाजलेले वकील आणि शाळेच्या मंडळावर. गोरी, नाजूक, कुणाशी फारसं न बोलणारी मुलगी. ती बूट काढी, पण मोजे काढत नसे. बाकीच्या मुलींनी कुरकुर केली की वकिलाच्या मुलीला वेगळा न्याय. ताई त्यावर काहीच बोलत नसत, आणि मला त्याचं नवल वाटे. मोज्यांबद्दल एवढं कडक असलेलं माणूस एकाच मुलीचे मोजे कसे चालवून घेतं, हे मला कळेना. पण विचारलं नाही.

पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला म्हणून ताईंनी वजनाचा तास व्हरांड्यात घेतला. खाली शहाबादी फरशी, गुळगुळीत आणि ओलसर. मी शेजारच्या वर्गात शिकवत होते. लोखंड फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी. धावत गेले तर वत्सला खाली बसली होती. बैठकीतून उठताना पाय सरकला होता, तोल गेला आणि डंबेल थेट डाव्या पायावर पडला. मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा काढला. अंगठा काळानिळा झाला होता. आणि अंगठ्यापासून घोट्यापर्यंत पांढरे चट्टे होते. कोड.

वत्सला रडायची थांबली. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, मोजा घाला. आधी मोजा घाला."

मुली भोवती गोळा होत होत्या. ताई माझ्या आणि मुलींच्या मध्ये बसल्या, आपला पदर सोडून त्यांनी तो पाय त्यात गुंडाळला आणि वत्सलाला दोन्ही हातांवर उचललं. चांगली वाढलेली मुलगी, पण त्यांनी तिला लहान मुलासारखं उचलून टांग्यापर्यंत नेलं. टांग्यात बसण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही काही पाहिलेलं नाही."

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात वत्सलानं त्यांना एकटं गाठून सगळं सांगितलं होतं. कुणाला कळू द्यायचं नाही अशी घरातून ताकीद होती, कारण पुढे मागे तिचं लग्न करायचं होतं. आईनं सांगितलं होतं की मोजे पायातून निघता कामा नयेत. ताईंनी तिला मोजे ठेवू दिले. बूटही ठेवू दिले असते तर बरं झालं असतं, पण मग इतर मुलींना काय सांगायचं? एकीला बूट आणि बाकीच्या अनवाणी, हे त्यांच्याच्यानं होईना.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "एक तर बूट, नाहीतर उघडा पाय. मधलं काही नसतं. आणि मी मधलं चालवून घेतलं."

वत्सलाचं हाड मोडलं होतं. मंडळाची बैठक बसली. मी आधी पोचले होते म्हणून मलाही बोलावणं आलं. मोठं टेबल, त्याच्या पलीकडे मंडळाचे सभासद, आणि एका कडेला वत्सलाचे वडील. मला अंगठ्याबद्दल विचारलं, मी अंगठ्याबद्दल सांगितलं. मग ताईंना विचारलं की चांगले बूट घालून आलेल्या मुलीला बूट काढायला का लावले? बूट असते तर पाय सरकला नसता, आणि सरकला असता तरी इतकं लागलं नसतं. ताई म्हणाल्या, ते खरं आहे. अध्यक्षांनी विचारलं, अनवाणी उभं राहायचा तुमचा नियम आहे म्हणता, मग या मुलीच्या पायात मोजे कसे? तिनं तुमचं ऐकलं नाही, की तुम्ही लक्ष दिलं नाही?

ताईंनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. एकदाच. साहेबांची नजर टेबलावर होती, आणि हातातलं पेन बोटांमध्ये फिरत होतं. ते पेन थांबलं. त्या खोलीत उत्तर ठाऊक असलेली आम्ही तिघंच होतो. मुलीनं ऐकलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी ताईंची नोकरी राहिली असती. खरं कारण सांगितलं असतं तर कुणी त्यांना बोल लावला नसता.

ताई म्हणाल्या, "मुलीची चूक नाही. मोजे मला दिसत होते. मी काढायला लावले नाहीत."

वकीलसाहेबांनी वर पाहिलं नाही. वजनाचा वर्ग बंद करायचा आणि सत्र संपल्यावर कवायतीच्या बाईंना कायमची रजा द्यायची, असं ठरलं. बाहेर आल्यावर मला राग आवरेना. मी ताईंना म्हटलं की तो माणूस बाप आहे, त्यानं तरी तोंड उघडायला हवं होतं. ताई बुटाची नाडी बांधत होत्या. म्हणाल्या, "बापच आहे म्हणून मुलीसाठी गप्प बसला. मला त्याचा राग येत नाही. माझ्यासाठी असं कुणी गप्प बसलं नाही, एवढंच वाटलं."

सत्र संपायच्या सुमारास एका रविवारी मी त्यांच्याकडे असताना वत्सला आली. सिद्धेश्वराच्या देवळात जाते म्हणून मोलकरणीबरोबर घरातून निघाली होती, आणि मोलकरणीला गल्लीच्या तोंडाशी थांबवलं होतं. थोडी लंगडत होती. अंगणात उभी राहून ती म्हणाली की तिला बाबांकडून सगळं कळलं. उद्या ती स्वतः मोठ्या बाईंकडे जाऊन पायाचं सांगणार आहे, म्हणजे ताईंना जावं लागणार नाही.

ताईंनी तिला जवळ बसवलं. नरसव्वानं पाणी आणून दिलं आणि ती मागं सरली.

"सांग," ताई म्हणाल्या. "पण माझ्या नोकरीसाठी नको सांगूस. ज्या दिवशी तुला स्वतःलाच वाटेल, की हा माझा पाय आहे, ज्याला बघायचाय त्यानं बघावा, त्या दिवशी सांग. तो दिवस उद्याच असेल तर उद्या."

वत्सलानं आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या नाही, बाई."

"मग नको," ताई म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्यांना कुणाला असा हात लावताना पाहिलं नव्हतं. मुलीलाही ते सवयीचं नसावं. तिनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिथेच रडून घेतलं. ताई सरळ बसून होत्या, भिंतीकडे बघत. मला वाटलं आपण तिथं नसावं, म्हणून मी उठून नरसव्वाकडे गेले.

वत्सला गेल्यावर ताईंनी नेहमीच्या बैठका काढल्या. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर काढल्या नाहीत. नुसती बघत बसले.

बार्शीला परत जाण्यासारखं घर नव्हतं. सोलापुरात दुसरी कुठलीच शाळा त्यांना घेईना, कारण मुलीचा पाय मोडला एवढंच गावाला ठाऊक होतं. अखेर हुबळीकडच्या एका लहान शाळेत जागा मिळाली. कानडी मुलुख, कानडी मुली, आणि ताईंना कानडीचा एक शब्द येत नव्हता. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाल्या, बैठकीला भाषा लागत नाही. स्टेशनवर पोचवायला मी एकटीच होते. होटगीला गाडी बदलायची होती, तिथं हमाल मिळेल का, याची त्यांना काळजी होती. डंबेल्स त्यांनी मागे ठेवले नव्हते. बायकांच्या डब्यात बाकाखाली पेटी सारून त्या खिडकीशी बसल्या. मला पुष्कळ बोलायचं होतं. मी म्हटलं, जपून राहा. त्या म्हणाल्या, तुम्ही कंबर सांभाळा. गाडी हलल्यावर त्यांनी हात केला नाही. नुसत्या बघत राहिल्या, वळण येईपर्यंत.

सुरुवातीला दिवाळीच्या सुमारास त्यांचं कार्ड येई. हवा चांगली आहे, मुली चांगल्या आहेत, कंबर कशी आहे. एवढंच. मी लांबलचक पत्रं लिही, त्यात वत्सलाच्या लग्नाचीही बातमी कळवली. तिनं म्हणे बघायला आलेल्या मंडळींना आपणच पाय दाखवला. दोन ठिकाणं त्यामुळे मोडली, तिसऱ्या ठिकाणी जमलं. त्या पत्राला मात्र ताईंचं उत्तर लगेच आलं. त्यात हवेबद्दल काही नव्हतं. 'फार बरं वाटलं,' इतकंच लिहिलं होतं.

काही वर्षांनी एका दुपारी माझ्या नावानं तार आली. द्वारकाबाई विषमज्वरानं आजारी आहेत, लगेच यावं. मी आणि यजमान मिळेल त्या गाडीनं निघालो. पोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्या आदल्या संध्याकाळी गेल्या होत्या. तिथल्या हेडमिस्ट्रेस वयस्क कानडी बाई होत्या, मराठी थोडं समजणाऱ्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्या आमची वाट बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, अंत्यक्रिया थांबवून ठेवली आहे. इथं त्यांचं कुणी नाही, आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं की सोलापूरला माझी बहीण आहे, ती येईल.

इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना कधी अगंतुगं केलं नव्हतं.

हेडमिस्ट्रेस माझ्याकडे निरखून बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुमी अक्का की तंगी? त्यांनी ते सांगितलं नाही." थोरली की धाकटी, असं त्यांना विचारायचं होतं.

"तंगी," मी म्हटलं. "धाकटी."

मग त्यांनी माझा हात धरला आणि मला आत नेलं.